दोन डोंगर, मधून सूर्य: आपल्या चित्रकलेच्या तासाची गोष्ट

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटंसं काम. गाडी चालवत असाल तर राहू द्या, पण लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर फोनवरचं नोट्सचं ॲप उघडा आणि बोटाने एक निसर्गचित्र काढा. जास्त विचार करायचा नाही. अर्धं मिनिट देतो.

झालं? आता मी न बघता सांगतो तुम्ही काय काढलंत. दोन त्रिकोणी डोंगर. मधून अर्धा सूर्य, त्याला कंगव्याच्या दातांसारखे किरण. डोंगरांच्या फटीतून निघालेली आणि खाली येता येता रुंद होणारी नदी. एका बाजूला झोपडी, दुसऱ्या बाजूला नारळाचं झाड, आणि आकाशात टिकमार्कसारखे चार-पाच पक्षी. बरोबर ना? ऑफिसमध्ये मी हा प्रयोग टीम लंचला केला होता. नागपूरचा एक, कोल्हापूरची एक, डोंबिवलीचे दोन आणि मी पनवेलचा. पाचही चित्रं एकसारखी. आमच्या भाषेत याला ऑटोकम्प्लीट म्हणतात. ‘नि’ टाईप केलं की ‘निसर्गचित्र’ आपोआप पुढे येतं, तसं.

आता गंमत बघा. पनवेलमध्ये कुठल्याही गच्चीवर चढलं की डोंगर दिसतात, पण त्यातला एकही त्रिकोणी नाही. दक्षिणेला कर्नाळा, ज्याचा सुळका अंगठा वर केल्यासारखा उभा आहे. पूर्वेला प्रबळगड, वरून सुरीने कापल्यासारखा सपाट, आणि त्याच्या शेजारी कलावंतीण, मध्ये खोल खाच. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला, म्हणून आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे आणि माथ्याला सपाट असतात. माथेरानच्या डोंगरात उगम पावणारी गाढी नदी पनवेलला येते, पण ती दोन त्रिकोणांच्या मधून सरळ आपल्या पायाशी येऊन थांबत नाही. म्हणजे खिडकीबाहेर कर्नाळा असताना पनवेलचं सात वर्षांचं पोर कागदावर भलतेच डोंगर काढतं. ते त्याला कोणी शिकवले?

मी बरेच दिवस हे शोधत होतो. दोन डोंगरांचं चित्र कुठल्याही अभ्यासक्रमात लिहिलेलं नाही. पण फळ्यावर बघायचं आणि उतरवायचं, ही सवय मात्र अभ्यासक्रमातूनच आली आहे, आणि तिचा माग काढत गेलं की आपण थेट लंडनला पोचतो.

१८५१ साली लंडनमध्ये एक प्रचंड मोठं प्रदर्शन भरलं. क्रिस्टल पॅलेस नावाच्या काचेच्या इमारतीत जगभरचा माल मांडला होता. इंग्लंडची यंत्रं बघून लोक थक्क झाले, पण इंग्लंडमध्ये बनलेल्या वस्तू, म्हणजे कापड, भांडी, गालिचे, यांच्या नक्षीकामाची तिथल्याच जाणकारांना लाज वाटली. आणि कौतुक कोणाच्या मालाचं झालं? हिंदुस्थानच्या. शाली, किनखाब, धातूकाम. ओवेन जोन्स नावाच्या डिझायनरने १८५६ मध्ये जगभरच्या नक्षीचा जाडजूड ग्रंथ काढला, त्यात भारतीय नक्षीला मानाची जागा दिली.

इंग्रजांनी यावर उपाय काय काढला? शिक्षण. कारखान्यातल्या कामगारांचा हात आणि नजर सुधारली की माल सुधारेल, असा हिशेब. हेन्री कोल या अधिकाऱ्याच्या हाताखाली सरकारी खातं निघालं, आणि रिचर्ड रेडग्रेव्ह या चित्रकाराने चित्रकला शिकवण्याचा अभ्यासक्रम बनवला. त्यात किती टप्पे होते माहितीये? २३. पहिला टप्पा पट्टी-कंपास घेऊन सरळ रेषा काढण्याचा. दुसऱ्या टप्प्यात छापील नमुना समोर ठेवून तो हाताने जसाच्या तसा उतरवायचा. अशाच पायऱ्या चढत चढत कधीतरी रंगाला हात लागायचा. विद्यार्थी एकेका प्लास्टरच्या पुतळ्याची छटा बारीक ठिपक्यांनी भरत महिनोन् महिने बसायचे. स्वतःच्या मनातलं काढायचं, हे अगदी शेवटच्या पायरीवर, तिथपर्यंत पोचलात तर. या सगळ्याला ‘साउथ केन्सिंग्टन पद्धत’ म्हणतात, कारण ते खातं १८५७ मध्ये लंडनच्या त्या भागात हलवलं गेलं.

त्याच १८५७ साली, मार्चमध्ये, मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चित्रकलेचा वर्ग सुरू झाला. पैसा होता सर जमशेटजी जीजीभॉय यांचा. एक लाख रुपये. चीनशी अफू आणि कापसाचा व्यापार करून श्रीमंत झालेला हा पारशी माणूस (त्यावर कधीतरी वेगळा भाग करावा लागेल). आज आपण ज्याला ‘जेजे’ म्हणतो ती ही शाळा. आणि इथे शिकवायला जी पद्धत आली ती तीच, साउथ केन्सिंग्टनवाली. म्हणजे ज्यांच्या नक्षीवर इंग्रज भाळले होते त्यांच्याच देशात इंग्रजांनी नक्षीचा अभ्यासक्रम पाठवला! मला तर हे एखाद्याचा ओपन सोर्स कोड उचलून त्यालाच लायसन्स विकण्यासारखं वाटतं.

आता, मी जेजेला शिव्या घालायला बसलेलो नाही. १८६५ मध्ये तिथे जॉन लॉकवुड किपलिंग शिकवायला आला (‘जंगल बुक’वाल्या रुडयार्डचा बाप, आणि रुडयार्ड त्याच वर्षी मुंबईतच जन्मला). हा माणूस गावोगाव फिरून विणकर, सोनार, कुंभार यांची कामावर बसलेली चित्रं काढायचा. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरचं कोरीवकाम त्याच्याच कल्पनेतलं आहे, सीएसएमटीला उतरलात तर चालत जाऊन मान वर करून बघा. नंतरचा जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तेरा वर्षं अजिंठ्याची चित्रं उतरवत होता. कोल्हापूरहून १८९० मध्ये आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर याच शाळेत शिकले, तिथेच शिक्षक झाले आणि पुढे संचालकपदापर्यंत पोचले. त्यांच्या ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या आठवणी मराठीत आहेत, मिळाल्या तर सोडू नका. हात तयार होण्यासाठी घोटून घ्यावं लागतं, हे कोणी नाकारत नाही. तबला शिकणारा कायदा घोटतोच.

पण ही पद्धत जेजेच्या आवारात थांबली नाही. १८९३ मध्ये जेजेमध्ये चित्रकला शिक्षक तयार करण्याचा वर्ग सुरू झाला, आणि तिथून एक नवीन माणूस महाराष्ट्रातल्या गावोगावी पोचला. ड्रॉइंग मास्तर. हायस्कूलमधला सगळ्यात वेगळा माणूस. खडूने एका दमात गोल वर्तुळ काढणारा, स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवणारा, प्रवेशद्वारावर सुविचार लिहिणारा. त्याच्या मागोमाग आल्या ग्रेडच्या परीक्षा. ‘ग्रेड’ हा शब्दसुद्धा साउथ केन्सिंग्टनचाच, तिथे फर्स्ट ग्रेड, सेकंड ग्रेड अशा परीक्षा होत. आपल्याकडे त्या आजही ‘शासकीय रेखाकला परीक्षा’ या नावाने कला संचालनालय घेतं. तुमच्यातल्या निम्म्यांनी तरी दिली असेल. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट! वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती आणि अक्षरलेखन. पोस्टर कलरच्या त्या छोट्या बाटल्या, पाण्याचा डबा, आणि ‘घडीच्या टॉवेलवर सावली नीट टाक’ हे वाक्य. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला सात मार्क वाढतात, म्हणून आता पोरांपेक्षा पालकांनाच या परीक्षेची घाई असते.

या परीक्षेने एक मोठं काम केलं, ते मान्य करू. ज्या घरात चित्रकला म्हणजे रिकामटेकडेपणा समजत त्या घरातल्या मुलाला सरकारी सर्टिफिकेट मिळालं. माझ्या काकांना पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात डोळे रंगवायचं काम मिळालं ते हाताच्या जोरावर, पण आजीने त्यांना तिथे जाऊ दिलं ते इंटरमिजिएटच्या कागदाच्या जोरावर.

पण एक गोष्ट लक्षात आली का? ड्रॉइंग मास्तर आला तो हायस्कूलमध्ये. प्राथमिक शाळेत नाही. पहिली ते चौथीच्या पोराच्या वाट्याला आली फक्त त्या पद्धतीची सावली. फळ्यावर गुरुजींनी किंवा बाईंनी काढलेला आंबा, तो वहीत उतरवायचा. आंबा पिवळा, पान हिरवं, बॉर्डरच्या बाहेर रंग जाता कामा नये. हायस्कूलमधल्या घोटण्याला निदान पुढे काहीतरी होतं. प्राथमिकमध्ये नुसतं घोटणंच उरलं, त्यातून कुठे जायचंय हे कोणाला माहीत नव्हतं. दोन डोंगरांचा जन्म मला इथे दिसतो. ज्या वयात मूल बघायला शिकतं त्या वयात आपण त्याला बघायची गरजच ठेवली नाही. तयार डोंगर दिला.

याच सुमारास युरोपात काही लोकांच्या डोक्यात उलटा किडा वळवळत होता. व्हिएन्नामध्ये फ्रान्झ चिझेक नावाच्या शिक्षकाने १८९७ मध्ये लहान मुलांचा चित्रवर्ग काढला आणि ठरवलं की मुलांना काही शिकवायचंच नाही. त्यांचं चित्र हे मोठ्यांच्या चित्राची फसलेली नक्कल नसून ती वेगळी भाषा आहे, असं त्याचं म्हणणं. १९४३ मध्ये हर्बर्ट रीडने कलेतून शिक्षण या विषयावर पुस्तक लिहिलं, ते पुढे जगभर गाजलं. ही हवा महाराष्ट्रात आली का? आली. आणि मुंबई-पुण्यात नाही, वर्ध्याजवळच्या एका खेड्यात.

ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली. तिथून ‘नयी तालीम’ निघाली, म्हणजे हातातल्या उद्योगाभोवती सात वर्षांचं शिक्षण. झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम लिहिला, त्यात चित्रकला होती. आपल्याला नयी तालीम म्हटलं की फक्त तकली आणि सूत आठवतं, चित्रकला कोणी सांगतच नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १९३६ च्या डिसेंबरमध्ये, जळगाव जिल्ह्यात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं. गांधीजींनी सजावटीसाठी थेट शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावलं. अट एकच, गावात मिळतं त्यातूनच करायचं. बोसांनी बांबू आणि आसपासच्या साहित्यातून सगळं उभं केलं. पुढे त्यांच्या हाताखाली शिकलेला एक तरुण १९४४ मध्ये सेवाग्रामच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आला. देवी प्रसाद.

खरं सांगू का, हे नाव मला अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्यात कुठल्याही पाठ्यपुस्तकात भेटलं नाही. हा माणूस मूळचा डेहराडूनचा, चित्रकार, पुढे मोठा कुंभकलाकार. सेवाग्राममध्ये तो १९६२ पर्यंत होता. त्याचा नियम साधा: मुलाच्या चित्रावर मोठ्यांनी हात चालवायचा नाही. ‘गाय अशी नसते’ म्हणून दुरुस्त करायचं नाही, फळ्यावर नमुना काढून द्यायचा नाही. मग शिक्षकाचं काम काय? मुलाला बघायला लावणं, साहित्य हाताशी ठेवणं, आणि ते काय सांगतंय ते ऐकणं. या अनुभवावर त्यांनी आधी हिंदीत लिहिलं आणि १९९८ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचं इंग्रजी पुस्तक काढलं, ‘आर्ट: द बेसिस ऑफ एज्युकेशन’. पुढे ते लंडनला जाऊन आंतरराष्ट्रीय युद्धविरोधी चळवळीचं काम करू लागले. मला वाटतं या दोन गोष्टींचा संबंध आहे. सांगितलंय तेच आणि तसंच उतरवायची सवय लागलेलं मूल मोठेपणी हुकूमसुद्धा तसाच उतरवतं, ही भीती त्या पिढीने दोन महायुद्धांत बघितली होती.

दुसरी हवा आली आपल्या जवळ, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसोरीची साधनं महाग, लाकडी, पॉलिश केलेली. वारली पाड्यांवरच्या मुलांना ती कुठून देणार? म्हणून ताराबाईंनी बिया, शंख-शिंपले, खडे, पानं घेतली. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली, ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. गुरं राखायला जाणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा. रंग, आकार, मोजणं, रचना हे सगळं एकाच खेळात. ‘कलाशिक्षण’ असा वेगळा तास नव्हता, पण दोन डोंगरही नव्हते.

आणि ज्या पाड्यांवर हे चाललं होतं तिथल्या बायका लग्नात कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या. हो, लिहायच्याच म्हणतात. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने तिथे कागद आणि रंग नेले आणि गंजाड गावचे जिव्या सोमा मशे जगाला माहीत झाले. २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये गेले. त्रिकोण आपल्याकडेही होता आणि त्यांच्याकडेही. जिव्यांच्या त्रिकोणाची माणसं मासे पकडतात, भात लावतात, तारप्याभोवती गोल फिरतात, आणि एकाची कंबर दुसऱ्यासारखी वाकलेली नसते. ती बघून काढलेली आहेत. आता दुःखाची गोष्ट म्हणजे वारलीचेही आपण दोन डोंगर करून टाकले. कुठल्याही शाळेची प्रोजेक्ट फाईल उघडा, कव्हरवर तीच नाचणारी सहा माणसं, इंटरनेटवरून उतरवलेली.

मग आज काय स्थिती आहे? कायदा वाचूया, तो मोबाईलवर मिळतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला एक परिशिष्ट आहे. सहावी ते आठवीत शंभरच्या वर मुलं असतील तर कलेसाठी अर्धवेळ शिक्षक द्यावा, असं त्यात आहे. पहिली ते पाचवीसाठी? कलाशिक्षकाचा उल्लेखच नाही. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, बस. ते दोघं सगळे वर्ग, सगळे विषय, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाईन माहिती भरणं आणि निवडणुकीचं काम बघतात. १८९३ मध्ये ड्रॉइंग मास्तर हायस्कूलच्या पायरीवर थांबला होता, कायद्याच्या कागदावर तो अजून तिथेच आहे. बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक छान आहे, त्यात कला आहे, हस्तकाम आहे. पण ते उघडायचा तास वेळापत्रकात असतो आणि प्रत्यक्षात गणिताचा पोर्शन त्यात संपवतात. मी शिकलो त्या शाळेतही हेच होतं. शुक्रवारी शेवटचा तास चित्रकला, आणि चार वर्षांत माझी चित्रकलेची वही निम्मीसुद्धा भरली नाही.

यावर लोक म्हणतात, ठीक आहे रे, चित्रं न काढता पण पोरं इंजिनिअर होतात, तूच झालास. खरं आहे. म्हणूनच एक पनवेलचं उदाहरण देतो.

आपल्या तालुक्यात उलवे गावाजवळ एक टेकडी होती, नव्वद-एक मीटर उंच. विमानतळासाठी ती सुरुंग लावून सपाट केली. उलवे नदीचा प्रवाह वळवला. दहा गावं उठली: उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, वरचा ओवळा, वाघिवली, वाघिवलीवाडा. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं उडाली. मी स्वतः तिथून उडणार आहे, त्यामुळे साधूचा आव आणत नाही. पण त्या गावांतल्या शाळांत रोज शेकडो मुलं बसत होती आणि खिडकीतून ती टेकडी दिसत होती. त्यांच्या वह्यांत कुठला डोंगर असेल? सरकारकडे टेकडीचे नकाशे आहेत, ड्रोनचे फोटो आहेत, किती घनमीटर दगड निघाला याचे आकडे आहेत. टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीला ती केवढी वाटायची, तिच्यावर कोणती झाडं होती, गुरं कुठल्या वाटेने चढायची, पावसात पाणी कुठून धो धो यायचं, हे फक्त तिच्याच चित्रात आलं असतं.

तेव्हा या भागाचं काम ठरलं. त्या दहा गावांतलं कोणी ऐकत असेल, किंवा तुमचे मित्र, काकी, वहिनी तिथल्या असतील, तर पोटमाळ्यावरच्या ट्रंका बघा. जुनी चित्रकलेची वही, पाटीमागचा कागद, वहीच्या शेवटच्या पानावरची रेघोट्यांची टेकडी, काहीही चालेल. फोटो काढून पाठवा, नाव नको असेल तर नाव नको. त्यात दोन त्रिकोण असले तरी पाठवा, मला तेही बघायचेत. पुढचा भाग पेणच्या मूर्तींवर करायचा विचार आहे, काका मुलाखतीला तयार झाले तर. पंधरा दिवसांनी भेटू.